दादांच्या बैठकीतलं घड्याळ

“चार टाक,” प्रोग्राम तपासत सुनिता म्हणाली.

विजयसिंहने चार टाकले. पडद्यावर चार उभ्या काड्या आल्या, IIII.

“चूक. IV यायला पाहिजे.”

“चूक कसं मॅडम? आमच्या बैठकीतल्या घड्याळावर असंच हाय की!”

अंबाजोगाईहून आलेले परीक्षक हसले. प्राचार्य मोहनरावांनी लगेच री ओढली, “हाय, हाय. म्याबी बघितलंय. दादांचं घड्याळ लई जुनं हाय.” दादा म्हणजे विजयसिंहचे वडील, संस्थेचे अध्यक्ष. त्यांच्या बैठकीत चहा पिणारा माणूस त्यांच्या घड्याळाला खोटं कसं पाडणार?

सुनिताच्या अंगाचा तिळपापड झाला. आकड्याचं रोमन आणि रोमनचा आकडा करणारा प्रोग्राम, एवढाच पेपर होता. पण या प्रात्यक्षिकात जो पहिला येईल त्याला पुण्याची एक कंपनी नोकरीत घेणार होती. जागा एकच. तिने विजयसिंहला बाजूला सारलं आणि स्वतः IV टाकून उलटं रूपांतर मागितलं. उत्तर आलं सहा.

“वजाबाकी लिहिलीच नाहीस तू! एक आणि पाच मिळवून मोकळा झालास. हेही घड्याळात आहे का?”

परीक्षकांनी चष्मा पुसायला काढला.

“सर, जेवण थंड व्हायलंय. चला,” मोहनराव म्हणाले.

“शिवकन्याचं बघायचं राहिलंय,” सुनिताने अडवलं.

कोपऱ्यातल्या संगणकापाशी शिवकन्या सकाळपासून ताटकळत होती. तिचे आईबाप ऊसतोडीला गेले होते, अजून परतले नव्हते.

“तुमी वर्गात बघितलंय न्हवं तिचं काम? बास की मग.” मोहनरावांनी निकालाचा कागद पुढे केला. पहिला विजयसिंह, दुसरी शिवकन्या. “अंतर्गत परीक्षक म्हणून सही करा.”

“नाही करणार.”

“कावून? जूनपासून तास पायजेत का न्हाई तुमाला?”

तासावर पगार; दर जूनला हात जोडून तास मागायचे, दर मार्चला घरी बसायचं. हे करता करता सुनिताचे केस पिकायला लागले होते. इतकी वर्षं गिळलेलं सगळं तिच्या तोंडाशी आलं.

“नकोत तुमचे तास! पोरीचं काम न बघता तिला दुसरी ठरवता, जनाची नाही तर मनाची तरी?”

मोहनरावांनी तिच्या जागी स्वतःच सही ठोकली. कुणाचं काही अडलं नाही. सगळे गाडीत बसून दादांकडे जेवायला गेले.

शिवकन्या हळूच पुढे आली. “मॅडम, माझं काय चुकलं का? आई फोनवर इचारती, परीक्षा कशी गेली म्हून.”

“झालीच नाही तुझी परीक्षा,” सुनिता म्हणाली. “बस. मी घेते.”

परीक्षकांची खुर्ची ओढून ती शिवकन्याच्या शेजारी बसली. तिने १९९४ टाकायला सांगितलं. MCMXCIV. बरोबर.

“नऊशे वेगळे का धरले?”

“न्हाई धरले तर D च्या पुढं चार C येतात मॅडम. चार न्हाई चालत. म्हून हजाराच्या खालोखाल नऊशेच ठिवले.”

सुनिताने मान डोलावली. पदर सावरून ती ताठ बसली.

“ठीक आहे. आता उलटं करून दाखवा,” ती म्हणाली. तीन वर्षांत त्या पोरीला कॉलेजात कुणी पहिल्यांदाच अहोजाहो केलं होतं.