हातात घेतलेली काच

जावाजावांचा उभा दावा असतो म्हणतात. पण तो दावा एकाच घरात राहून आणि एकाच कारखान्यात समोरासमोर बसून चालवायचा म्हणजे काय असतं, ते थोरलीला विचारा. एकवीस वर्षं ती चष्म्याच्या काचा तपासत होती. काच उजेडाखाली धरायची, जरा तिरकी करायची, केसाएवढी रेघ दिसली की लाल पेन्सिलीने फुली मारायची. त्या खोलीचा एकच नियम होता: हातात घेतलेली काच निकाल दिल्याशिवाय खाली ठेवायची नाही. हा नियम धाकट्या जावेला तिनेच शिकवला, कारण तिला या कामाला चिकटवलंही होतं तिनेच. आणि आता तीच बया तिच्या खुर्चीवर डोळा ठेवून बसली होती.

खुर्ची एकच उरणार होती. काचा तपासणारं कॅमेऱ्याचं मशीन आलं होतं. त्याच्याशेजारी एक बाई बसणार, दुसरीला नारळ. मशीनवाल्या इंजिनिअरला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं, म्हणून मॅनेजरसाहेबांनी अक्कल पाजळली. 'आजचं तंत्रज्ञान: माणसाचा डोळा की कॅमेरा?' या विषयावर दोघींनी इंग्रजीत वाद घालायचा, जिंकेल तिची खुर्ची. घ्या! डोळ्याच्या कामाची परीक्षा जिभेने. विहीर खणणाऱ्याला गाणं म्हणायला लावण्यातलाच प्रकार.

धाकटी तीन वर्षं इंग्रजीच्या क्लासला जात होती. थोरलीचं इंग्रजी म्हणजे लेकीने लिहून दिलेलं दीड पान. त्याच्या जोडीला लेकीने फोनमध्ये असल्या वादांची भाषणं भरून दिली होती. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना थोरली महिनाभर तेच ऐकत होती. त्याने झालं काय, तर इंग्रजी कानाला कळायला लागलं, पण जीभ काही वळेना.

"जाऊबाई, कशाला या वयात जिवाला त्रास?" धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हसायची. "आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"तुझ्या आडात किती आहे ते मला ठाऊक आहे," थोरली म्हणायची. "काल तुझ्या नजरेतून सुटलेल्या तीन काचा मीच बाजूला काढल्यात."

मग धाकटी पाय आपटत निघून जायची.

वादाच्या दिवशी धाकटी इस्त्रीचे कपडे घालून आली. ती कॅमेऱ्याच्या बाजूने बोलली आणि काय बोलली! डेटा, ऑटोमेशन, फ्यूचर, नुसत्या लाह्या फुटत होत्या. माणसाचा डोळा थकतो, म्हणाली. सुट्टी मागतो, भांडतो, म्हातारा होतो. 'म्हातारा' म्हणताना तिने थोरलीकडे बघितलं, आणि साहेब खुदकन हसले. शेवटी मशीनने सकाळीच पास केलेली एक काच तिने थोरलीच्या पुढ्यात ठेवली. बघा, एकही दोष नाही. टाळ्या पडल्या.

थोरली उठली. "रिस्पेक्टेड सर," म्हणाली आणि घोडं तिथेच अडलं. पुढचं वाक्य महिनाभर पाठ केलेलं, पण ओठावर येईना. साहेब घड्याळ बघायला लागले. धाकटीने च्-च् केलं. थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि काहीतरी धरायला हवं म्हणून हाताने समोरची काच उचलली.

आता उचलली म्हणजे निकाल द्यायला हवा. वाद कुठला आणि इंग्रजी कुठलं, तिने काच खिडकीकडे धरली, तिरकी केली, पुन्हा थोडी तिरकी केली, खिशातली लाल पेन्सिल काढली आणि कडेजवळ फुली मारून काच खाली ठेवली.

इंजिनिअर ताडकन उठला. भिंगातून त्याने तीनदा बघितलं. रेघ होती. मग तो धाकटीकडे वळून भराभरा इंग्रजीत बोलायला लागला. या बाईंकडून पाचशे काचांवर खुणा करून घ्या. त्या खुणा दाखवून आपण मशीनला शिकवू. एकदा मशीन शिकलं की यांची गरज नाही, मग इथे तुम्ही बसा.

धाकटीचा चेहरा उजळला. आवाजात मध घोळवून ती म्हणाली, "जाऊबाई, इंजिनिअरसाहेब खूश झालेत हो तुमच्यावर. पाचशे काचांवर खुणा करून द्या म्हणतात."

"एवढंच म्हणाले?"

"एवढंच."

गरज सरो, वैद्य मरो! थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकीला काच धरायला शिकवलं त्याचं हे फळ, आणि आता मशीनलाही शिकवायचं, तेही हिच्यासाठी? काचांची पेटी पुढ्यात आली होती. थोरलीने तिला बोटही लावलं नाही. लाल पेन्सिल खिशात घातली, इंजिनिअरच्या डोळ्यांत बघितलं, आणि अडलेलं वाक्य फोनमधल्या भाषणांच्या सुरात, जसंच्या तसं बाहेर पडलं.

"आय स्ट्राँगली डिसॲग्री."

"व्हाय?" इंजिनिअरने विचारलं.

थोरली खुर्चीत नीट बसली आणि जावेकडे वळली. "सांग त्यांना. ही खुर्ची माझी, असं सही करून लिहून द्या. तोवर एकाही काचेला हात लावणार नाही. आणि हेही सांग, की मघाशी तू मला अर्धंच सांगितलंस. मला बोलता येत नाही गं, पण ऐकता सगळं येतं."

धाकटीने मॅनेजरसाहेबांकडे बघितलं, मग दाराकडे.

"शी सेज..." म्हणाली आणि थांबली.

"हं," थोरली म्हणाली, "पुढे."