पांढऱ्या गाठीवरचे हात

"मिटवून टाक तिला," सादिरबेक म्हणाला आणि पडद्यावर बोट टेकवलं.

अनारकानने मान वर केली नाही. कोचकोर गावच्या बाजारात, सुक्या जर्दाळूंच्या गाळ्याला लागून तिचं फोटोचं दुकान होतं. हल्ली लोक मोबाइल घेऊन येत. उजळून दे, कडा काप, ग्रुपवर टाकण्याजोगं कर म्हणत. पण हा माणूस तिच्या बहिणीचा नवरा होता, आणि मिटवायची होती ती वारलेली बहीणच.

फोटो त्याच्या मुलाच्या लग्नातला. उमसुनायताई नव्या सुनेच्या, मीरिमच्या डोक्याला पांढरा रुमाल बांधत होती. सासूने तो बांधला की मुलगी घरची झाली.

"उद्या नातवाला पाळण्यात घालायचंय. सगळे फोटो ग्रुपवर जाणार. बुरुलच्या माहेरचे आहेत त्यात. बरं दिसत नाही."

बुरुल त्याची नवी बायको.

"काय बरं दिसत नाही, भाऊजी? ताई?"

"शब्दात पकडू नकोस गं. शुभकार्यात गेलेलं माणूस कशाला?"

"तिच्या हातचं मटण त्या दिवशी मागून मागून खाल्लंत. तेव्हा बरं दिसत होतं."

"नसेल जमत तर सांग. पलीकडच्या दुकानात जातो."

अनारकानच्या मस्तकात तिडीक गेली. त्याला दंडाला धरून बाहेर काढावं असं वाटलं. पण मग कुणीतरी परका ताईच्या तोंडावरून बोळा फिरवणार.

"बसा," ती म्हणाली.

तिने खांद्यापासून सुरुवात केली. खांदा गेला, तिथे मागच्या भिंतीवरचा लोकरीचा नमदा आला. मग हनुवटी, मग हसू. दर वेळी ती माउस असा दाबी की टेबल हले. डोळे तिने शेवटी पुसले.

राहिले हात. सुनेच्या कपाळावर, रुमालाच्या गाठीवर. उजव्या मनगटावर तंदूरने भाजल्याचा डाग.

"हात राहिले," सादिरबेक म्हणाला.

"हात पुसले तर गाठ जाते. उघड्या डोक्याची सून दाखवायचीय बुरुलच्या माहेरच्यांना?"

तो घुटमळला. "मग बुरुलचे लाव."

अनारकान आता पहिल्यांदा त्याच्याकडे वळली. "रुमाल तिने बांधला होता? मग आणा तिला. मीरिमसमोर उभी करा. मीरिमने 'हो, हिनेच बांधला' म्हटलं की लावते."

सादिरबेकने कोटाची बटणं लावली. लावलेलं एक काढून पुन्हा लावलं.

"राहू दे. असाच पाठव. एवढं कोण बघतंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी नातेवाइकांच्या ग्रुपवर तो फोटो आला. खाली फुलं आली, अंगठे आले. बुरुलच्या कुणा बहिणीने विचारलं, 'हे हात कुणाचे?'

थोड्या वेळाने मीरिमच्या नावाशेजारच्या गोलातला तिचा फोटो बदलला. त्यात ती नव्हती, तिचं बाळही नव्हतं. पांढरी गाठ होती आणि दोन हात, बाकीचं तिने कापून टाकलं होतं.

"बाई, माझे पासपोर्टचे झाले का?" समोरच्या गिऱ्हाइकाने विचारलं.

"थांबा जरा," अनारकान म्हणाली आणि मोबाइल डोळ्यांजवळ नेला. एवढ्याशा गोलात मनगटावरचा डाग दिसत नव्हता. तिने बोटांनी तो मोठा केला.