आक्काच्या गोड गोळ्या

भाचीचं लग्न ठरलं, मोडलं आणि पुन्हा त्याच मुलाशी ठरलं, त्या वर्षीची ही गोष्ट. तिचा थोरला भाऊ, आमचा बंब, त्याच वर्षी बॉक्सिंगच्या मोठ्या स्पर्धेत अंतिम लढतीपर्यंत पोचला. लहानपणी तांब्यामागून तांब्या पाणी रिचवायचा, म्हणून बंब. पुढे ते नाव त्याच्या छातीलाही शोभायला लागलं.

मी त्याचा मामा. खेळाडूंच्या हातांना पट्ट्या बांधायचं काम माझं, आणि लढतीत बादली, स्टूल, टॉवेल घेऊन कोपऱ्यात उभं राहायचं. नियम एकच. उड्या मारून कपाळाला घाम फुटल्याशिवाय मी कुणाच्या हातात ग्लोव्ह चढवत नसे. आमचा एक पोरगा वजन उतरवायच्या नादात पाणी तोडून कोरड्या अंगाने रिंगणात गेला होता. डोक्याला मार बसला, आणि त्यानंतर तो जन्मभर चमचा धरायला शिकत राहिला.

लढतीच्या दुपारी आक्का सभागृहात आली ती चपला हातात घेऊन. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, बंबाची आई.

"हे काय गं? चपला हातात?"

"पायात मावेनात. बघ ना, कणीक फुगावी तसे फुगलेत."

आक्काला हृदयाचं दुखणं. अंगात पाणी साठायचं. ते लघवीवाटे काढणारी बारीक पांढरी गोळी तिला रोज घ्यावी लागे. गिळणं तिला कधी जमलं नाही, चावून खायची.

"गोळी चुकवलीस की काय?"

"छे रे! उलट हल्ली आवडीने घेते. आधी नुसती कडू जहर होती. आता कंपनीला अक्कल आली, गोड केलीय."

"औषध कुठं गोड असतं?"

"का? म्हातारीने जन्मभर कडूच खायचं का?"

तिने डबी पुढे केली. डबीवर इंग्रजीत काय लिहिलंय ते तिलाही वाचता येत नव्हतं आणि मलाही. मी एक गोळी जिभेवर ठेवली. आमच्या दाजींना मधुमेह. त्यांच्या चहात साखरेऐवजी पडते, तीच ही गोळी!

मग खऱ्या गोळ्या गेल्या कुठे? मला बंबाचं वजन आठवलं. आठवडाभरात गडी खालच्या गटात बसण्याइतका उतरला होता. कसं रे जमलं, म्हणून विचारलं, तर म्हणाला होता, "तपश्चर्या, मामा!"

मी कपडे बदलायच्या खोलीकडे धावलो. बंब दोरीवरच्या उड्या मारत होता. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले, पण कपाळावर थेंब चमकत होते.

"घाम आलाय, मामा. चढव ग्लोव्ह."

मी त्याच्या कपाळावरून बोट फिरवलं आणि चाटलं. मिठाचा पत्ता नाही.

"हा घाम नळाचा आहे. आईच्या गोळ्या किती खाल्ल्यास?"

दोरी थांबली. बंब हळू आवाजात म्हणाला, "एवढी लढत होऊ दे. संपली की डबी परत भरणार होतो."

"गाढवा, त्या गोळीला खेळात बंदी आहे. लघवी तपासली की सापडशील."

"जिंकलो तर तपासतील ना?"

"मग काय हरायला चाललायस? आणि डोक्यात ठोसा बसला तर? त्या पोराला विसरलास?"

"मामा, तू माझा मामा आहेस की समोरच्याचा?"

"तुझाच," म्हणालो, आणि दोन्ही ग्लोव्ह बुडाखाली घेऊन बाकावर बसलो. आता काढ म्हणावं! तो ओढायला वाकला आणि पोटरीत गोळा येऊन धाडकन खाली पडला.

तेवढ्यात भिंतीला धरत धरत आक्का दारात पोचली.

"कुणी पाडलं माझ्या लेकराला?"

"तुझ्या गोळ्यांनी."

तिने लेकाकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे. तिला सगळं कळलं.

"मागायच्या तरी होत्यास रे."

"दिल्या असत्यास?" बंबाने पडल्या पडल्या विचारलं.

"दोन दिल्या असत्या. थोबाडीत."

मी स्पर्धेच्या डॉक्टरीणबाईंना बोलावून सगळं सांगितलं. त्यांनी नाडी पाहिली आणि तिथल्या तिथे लढत रद्द केली. "अंगात पाणी नाही, औषधाला म्हणून मीठही नाही. हृदय रिंगणातच थांबलं असतं," त्या म्हणाल्या.

मायलेकांना एकाच गाडीतून दवाखान्यात नेलं. खाटाही शेजारी शेजारी मिळाल्या. एकाच्या अंगात पाणी घालत होते, दुसरीच्या अंगातलं काढत होते. आक्का डॉक्टरांना म्हणाली, "कशाला दोन खटपटी? इकडून तिकडे एक नळी जोडून द्या."

बंबावर दोन वर्षांची बंदी आली. माझ्याशी तो बोलेना. लग्नात मात्र पंगतीला माझ्या शेजारी येऊन बसला आणि तिसऱ्यांदा पाणी मागितल्यावर म्हणाला, "हसू नकोस, मामा." आक्का खुर्चीत बसून सगळ्यांवर हुकूम सोडत होती. तिच्या गोळ्या आता बंबच आणायचा आणि आधी स्वतः चाखून मग तिला द्यायचा. पण त्या आठवड्यात तिच्या हृदयावर पडलेला ताण काही उतरला नाही.

बंबाची बंदी पुढे संपली. तो पुन्हा लढला, वरच्या गटात. आक्का ते पाहायला नव्हती. लेकीच्या लग्नानंतरच्या महिन्यात, सकाळच्या वेळी, दवाखान्यात ती वारली.