हरीशनं परत केलेली कादंबरी

अविनाशनं चष्मा काढून पुसला आणि तोच परिच्छेद पुन्हा वाचला.

नोएडाच्या नव्या फ्लॅटमध्ये खोकी उघडताना ही कादंबरी हाती लागली होती. त्याच्या लाडक्या रहस्यकथाकाराची अगदी सुरुवातीची, आता कुणाच्या गावीही नसलेली. कॉलेजात असताना त्यानं ती तीनदा वाचली होती. आज रविवारी चहा घेऊन तो हौसेनं बाल्कनीत बसला, आणि त्याचा तो तल्लख डिटेक्टिव्ह हवालदाराला सांगत होता, "पुरावा कशाला हवा? माणूस पारधी आहे. चोरी यांच्या रक्तातच असते." शेवटी गुन्हेगारही तो पारधीच निघत होता.

हे वाक्य पूर्वी त्याला कधी खुपलं नव्हतं.

दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये हरीश पवार त्याचा शेजारी होता. ऑफिसातही एकाच सेक्शनला. आपण पारधी समाजातले, हे हरीशनं स्वतःच एकदा सांगितलं होतं. बारा वर्षांपूर्वी अविनाशनं हीच कादंबरी त्याला आग्रह करकरून दिली होती. ती दोन दिवसांत परत आली. त्यानंतर हरीशनं त्याच्याकडून एकही पुस्तक नेलं नाही. त्याला वाचनाची गोडी नाही, असं अविनाश सगळ्यांना सांगत आला होता.

दुपारीच तो बसनं सरोजिनी नगरला गेला. दार हरीशनं उघडलं.

"अरे, तू? चलो, आत ये. सुरेखा, चहा टाक गं!"

अविनाश खुर्चीच्या कडेवर टेकला.

"हरीश, मी तुला एक रहस्यकथा दिली होती. आज पुन्हा वाचली." तो जरा पुढे वाकला. "ती तुला द्यायला नको होती, यार."

 हरीश आवाज खाली आणून म्हणाला,

"माझ्याआधी सुरेखानं वाचली. अकरा वर्षांची होती. ते पान घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, बाबा, काकांनी हे आपल्याला का दिलं?"

"मग?"

"मी सांगितलं, काकांनी वाचली नसणार. वाचली असती तर दिली नसती."

"मी वाचली होती, हरीश."

"ठाऊक आहे." त्यानं स्वयंपाकघराकडे पाहिलं. "तिला नाही. राहू दे तसंच."

सुरेखा ट्रे घेऊन बाहेर आली.

"काका, किती दिवसांनी! विसरलात ना आम्हाला?"

अविनाशनं दोन्ही हातांनी कप धरला. मान वर करायला त्याला बराच वेळ लागला.