इनॉक टॅपरच्या दोन अंत्ययात्रा

इनॉक टॅपर लाँग मीडच्या कुरणातून शवपेटीत पडून दोनदा गेले. दुसऱ्या वेळी ते मेलेले होते.

उन्हाळ्यात पाठीवर पिशव्या लटकवून चालायला येणारी शहरातली मंडळी माझ्या फाटकाशी थांबून विचारतात, "आजी, या वाटेला इनॉकची वाट का म्हणतात?" मी त्यांना एवढंच सांगते आणि वाटाणे सोलत राहते. बहुतेक जण हसून पुढे जातात. एखादा रेंगाळतो, त्याला मी बसायला सांगते.

साखरेवरचं रेशन उठलं त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. मी विदीकॉटमध्ये नवी नवरी होते. माझा नवरा रूबेन गावचा सुतार. आमच्याकडे फाटकं, खुर्च्या, पाळणे आणि शवपेट्या सगळं एकाच हातचं. लग्नानंतरची पहिली कित्येक जेवणं मी एका कोऱ्या शवपेटीच्या झाकणावर वाढली, कारण टेबल करायला रूबेनला सवड मिळत नव्हती.

कुरणाच्या या टोकाला, चर्चशेजारी, हेस्टर गॉलप राहायच्या. पलीकडच्या टोकाला, ओढ्याकाठी, त्यांची बहीण डॉर्कस. दोघींनी लग्न केलं नव्हतं. सगळं गाव त्यांना मावशी म्हणे. एका छपराखाली त्यांचं एक दिवस पटत नसे आणि एकमेकींना पाहिल्यावाचून एक दिवस जात नसे. म्हणून त्यांनी मध्ये एक कुरण ठेवलं होतं. रोज चहाच्या वेळी एक जण कुरण ओलांडून दुसरीकडे जायची, दोघी पोटभर भांडायच्या, आणि पाहुणी बहीण संध्याकाळच्या आत खूश होऊन परतायची.

त्या वर्षी कुरण विकलं गेलं. नवे मालक मिस्टर लव्हीबॉन्ड लंडनचे. आयुष्यभर लोकांचे दात काढून आता गोऱ्हे पाळायला आले होते. उंच, सडपातळ, कायम हातात छत्री. माणूस कसा आहे ते कळायला मार्ग नव्हता, कारण त्यांच्याशी कोणी बोलतच नव्हतं. दातांचा डॉक्टर म्हटल्यावर गाव तोंड मिटूनच असायचं. ते समोरून आले की आम्ही ओठ घट्ट मिटून मान हलवत असू. त्यात वसंतात त्यांनी कुरणाच्या दोन्ही फाटकांना जाड तार गुंडाळली.

झालं. वाट बंद.

गिरणीवरून वळसा होता, पण मध्ये खडी चढण. हेस्टर मावशींचा गुडघा गेलेला, डॉर्कस मावशींना धाप लागायची. मग दोघी चहाच्या वेळी आपापल्या माडीच्या खिडकीत उभ्या राहून एकमेकींना फडकी हलवून दाखवू लागल्या. मी एकदा हेस्टर मावशींकडे अंडी द्यायला गेले, तर त्या खिडकीतच होत्या. समोर थंड झालेला चहा, हातात फडकं.

"दिसल्या का डॉर्कस मावशी?" मी विचारलं.

"दिसते गं. मेली हिरवं फडकं हलवतेय. हिरवं! तिला ठाऊक आहे मला हिरवा रंग आवडत नाही." मग त्या खुर्चीवर बसल्या. "नेल, फडक्याने भांडता येत नाही गं. परवा मला तिला सांगायचं होतं, आईचा पितळी दिवा तूच वाकवलास. हे फडक्याने कसं सांगणार? आणि आमच्यातली एक जण अशीच गेली तर? शेवटचं भांडण राहूनच जायचं."

मी अंडी ठेवली आणि घरी येऊन रूबेनला म्हटलं, काहीतरी करा.

संध्याकाळी आमच्या सुतारशाळेत चार माणसं जमली. सिलास लोहार म्हणाला, "त्यात काय अवघड आहे? लाँग मीडमधून एक शवपेटी न्या. जिथून मढं जातं ती वाट कायमची गावाची. मालक तार लावो नाहीतर भिंत बांधो."

हा कायदा कुठल्या पुस्तकात आहे, हे आम्हांला कोणी विचारलं नव्हतं आणि आम्हीही कोणाला विचारलं नव्हतं. माझ्या आजीला तो ठाऊक होता, तिच्या आजीला ठाऊक होता. आम्हांला तेवढा पुरावा बास.

"पेटी आहे माझ्याकडे," रूबेन म्हणाला. "पण मढं कुठाय?"

कोणी नाव घेतलं नाही. पण गावात सगळ्यांत म्हातारे इनॉक टॅपर, आणि त्या हिवाळ्यात त्यांना खोकला झालेला सगळ्यांच्या लक्षात होता. दुसऱ्या दिवसापासून इनॉक आजोबांची तब्येत हा गावाच्या जिव्हाळ्याचा विषय झाला. कोणी सूप नेऊन देई, कोणी जॅम. मी शहाजिऱ्याचा केक नेला. पावाच्या दुकानातल्या बाईने रस्त्यातच विचारलं, "कसं वाटतंय आजोबा?"

"झकास!" आजोबा म्हणाले.

"अरेरे," ती बोलून गेली.

इतका केक आणि इतकं सूप पोटात गेल्यावर जे व्हायचं तेच झालं. आजोबांचा खोकला गेला, गालांवर लाली आली. एके सकाळी ते काठी आपटत सुतारशाळेत आले.

"रूबेन, रविवारी चर्चमध्ये तू माझ्याजवळ उभा राहून काठीने माझी उंची मोजत होतास."

"छे हो, आजोबा! ते आपलं..."

"कमी धरलीस. मी वाकून उभा होतो." आजोबांनी पाइप पेटवला. "हे बघ, मला एवढ्यात मरायला सवड नाही. घेवडा लावलाय, तो काठ्यांवर चढायचाय अजून. पण त्या दोघी पोरींची तगमग मला बघवत नाही." पोरी सत्तरीच्या होत्या, पण आजोबांसाठी पोरीच. "मला एक सांग. आतला माणूस जिवंत की मेलेला, हे शवपेटी बाहेरून सांगते का?"

रूबेनने विचार केला. "नाही."

"मग झाकणाला चार भोकं पाड आणि उशी घाल. बदकाच्या पिसांची घाल, कोंबडीची मला टोचतात."

पाद्रीबाबांना आम्ही सांगायला गेलो, पण त्यांनी सांगू दिलं नाही. "गुरुवारी दुपारभर मी माझ्या कोबीत असेन," ते म्हणाले, "आणि कोबीतून कुरण दिसत नाही."

गुरुवारी रिकामी पेटी गाडीत घालून आम्ही गिरणीवरून ओढ्याकाठी नेली, कारण अंत्ययात्रा चर्चकडे यायला हवी होती. इनॉक आजोबा गाडीवानाशेजारी बसून पेटीवर हात टेकून आले. डॉर्कस मावशींच्या स्वयंपाकघरात त्यांनी चहा घेतला, लोणी लावलेले दोन गरम स्कोन खाल्ले, बूट काढले आणि पेटीत आडवे झाले.

"गार नाही ना लागत?" मावशींनी शाल पांघरत विचारलं.

"लोणी चांगलं होतं हो," आतून आवाज आला. रूबेनने झाकण ठेवलं.

रूबेन, सिलास आणि गवळ्याकडचे दोघे भाऊ असे चौघे खांदेकरी. मागे आम्ही सात-आठ बाया काळे कपडे घालून. चर्चकडच्या फाटकाची तार रूबेनने निघतानाच तोडली होती. इथली पकडीने तोडली आणि आम्ही कुरणात शिरलो. गवत मांडीपर्यंत आलं होतं, पिवळ्या फुलांनी भरलेलं. तोंडं इतकी गंभीर ठेवली होती की सिलासची बायको खरोखरच रडायला लागली. तिचं असंच होतं. ती लग्नातही रडते.

वरच्या घरातून मिस्टर लव्हीबॉन्ड बाहेर आले. आता ओरडतील, असं आम्हांला वाटलं. त्यांनी हॅट काढली, छातीशी धरली आणि मान खाली घालून उभे राहिले. मला कसंतरीच वाटलं. तेवढ्यात शेजारची बाई माझ्या कानाशी म्हणाली, "नेल, पेटी बघ."

झाकणाच्या चार भोकांतून धुराच्या चार बारीक रेघा वर निघाल्या होत्या. म्हाताऱ्याने आत पाइप पेटवला होता.

"आजोबा, विझवा!" रूबेन ओठ न हलवता पुटपुटला.

"मेलेल्या माणसावर हुकूम सोडू नकोस," पेटी म्हणाली.

धूर पाहून गोऱ्हे आले. गोऱ्ह्यांना नवं काही दिसलं की जवळ जाऊन बघावंसं वाटतं. बघायला आलेले पळायला लागतात, आणि पळणारे वीस गोऱ्हे समोरून आले की ते फक्त बघायला आलेत हे लक्षात राहत नाही. गवळ्याकडचे भाऊ, रोज गुरांत राहणारे, ते पहिले पळाले. पेटी कलंडायला लागली तशी रूबेन आणि सिलासने ती कशीबशी गवतात टेकवली आणि तेही कुंपणाकडे धावले. आम्ही बाया तर तोवर कुंपणात अडकलो होतो, माझा परकर अजून तिथल्या काट्यांना असेल.

कुरणाच्या मधोमध पेटी. भोवती वीस गोऱ्हे, झाकण चाटताहेत. भोकांतून धूर.

आणि मिस्टर लव्हीबॉन्ड छत्री उघडून धावत आले! आम्हांला वाटलं होतं त्यापेक्षा फारच जोरात धावले. छत्री उघड-मीट करत त्यांनी गोऱ्हे हाकलले. मग धूर पाहिला. "अरे देवा, पेट घेतलाय!" असं ओरडून ते गुरांच्या पाण्याच्या टाकीकडे गेले, हॅट भरून आणली आणि सगळं पाणी भोकांवर ओतलं.

पेटीतून जी बोंब निघाली ती गिरणीपर्यंत ऐकू गेली म्हणतात. झाकण उडालं. इनॉक आजोबा निथळत उठून बसले, तोंडात विझलेला पाइप.

"काय हो हे! मेल्यावरसुद्धा माणसाला सुखाने ओढू देत नाही?"

मिस्टर लव्हीबॉन्ड गवतात बसले. त्यांचं तोंड उघडं होतं. त्यांचेच दात किडलेत, हे आम्हांला तेव्हा दिसलं.

तेवढ्यात एका बाजूने हेस्टर मावशी आणि दुसऱ्या बाजूने डॉर्कस मावशी येताना दिसल्या. हेस्टर मावशी काठी टेकत, डॉर्कस मावशी दर पाच पावलांना थांबत. गोऱ्ह्यांनी त्यांना वाट करून दिली. दोघी पेटीच्या दोन बाजूंना येऊन उभ्या राहिल्या आणि एकमेकींकडे बघत राहिल्या. आम्ही सगळे थबकलो. आता गळ्यात पडतात की काय, असं वाटलं.

"त्याला ओल्या अंगाने बसवून ठेवलंयस," हेस्टर मावशी म्हणाल्या.

"मी बसवलंय? मी शाल दिली होती!"

"कुठली? ती हिरवी?"

"हो, हिरवी! आणि दिवा मी वाकवला नाही!"

"दिव्याचं मी काही बोलले का?"

"सगळा वसंत तू खिडकीत त्या दिव्याचाच विचार करत होतीस. मला काय कळत नाही?"

हेस्टर मावशींनी डोळ्यांना फडकं लावलं. ते फडकं त्या घेऊनच आल्या होत्या.

रूबेनने टोपी हातात घेऊन मिस्टर लव्हीबॉन्डना सारं सांगितलं. वाट, तार, शवपेटी, सगळं.

"वाट?" ते म्हणाले. "कुठली वाट? मी कुरण घेतलं तेव्हा बर्फ होतं. त्यानंतर गवत वाढलं."

"मग तार?"

"फाटकांच्या कड्या मोडल्यात. गोऱ्हे बाहेर जाऊ नयेत म्हणून लावली. गावात कोणी सुतार आहे का विचारायचं होतं, पण इथे कोणी तोंडच उघडत नाही."

रूबेनने खाली पाहिलं. त्याच्या हातात पकड होती.

"पण तुम्ही मला नुसतं येऊन विचारायचंत," मिस्टर लव्हीबॉन्ड म्हणाले.

खरं सांगते, ते कोणाला सुचलंच नव्हतं. अनोळखी माणसाच्या दारावर टकटक करायची? काहीतरीच!

त्या संध्याकाळी रूबेनने दोन्ही कड्या बसवल्या. मिस्टर लव्हीबॉन्डनी सगळ्यांना चहा दिला. बेचव होता, पण आम्ही पहिल्यांदाच त्यांच्यासमोर तोंड उघडून हसलो. बहिणींचं रोजचं भांडण पुन्हा सुरू झालं. एकट्या इनॉक आजोबांचं समाधान होईना.

"हा भला माणूस आहे, पण त्याच्यानंतर कोण येईल?" ते म्हणत. "त्याने दिली म्हणून मिळालेली वाट उद्या कोणी काढूनही घेईल. आणि मी तर जिवंत होतो. मोजायचं की नाही कोण जाणे. खरंच मरेन तेव्हा मी नीट करून देईन."

ते आणखी सहा उन्हाळे जगले. गेले तेव्हा घेवडा काढून झाला होता.

त्यांचं घर चर्चच्या समोरच. दार उघडलं की कबरस्तानाचं कुंपण. तरी आम्ही पेटी गाडीत घालून गिरणीवरून ओढ्याकाठी नेली, म्हणजे तिथून लाँग मीडमधून परत आणता येईल. पाद्रीबाबा या वेळी कोबीत गेले नाहीत, पुढे चालले. पहिला खांदा मिस्टर लव्हीबॉन्डनी मागून घेतला. फाटक त्यांनीच उघडलं होतं.

झाकणाला चार भोकं होती. मी रूबेनकडे पाहिलं.

"सवय," तो म्हणाला.

कुरणाच्या मधोमध, त्याच जागी, खांदेकऱ्यांनी पेटी खाली ठेवली. ठरलं नव्हतं. खांदा बदलायचा होता, एवढंच. पण नंतर कोणी ती उचलेना. सगळे नुसते उभे राहिले. गोऱ्हे लांबून बघत होते. मिस्टर लव्हीबॉन्डची नजर भोकांवर होती.

"चला आता," हेस्टर मावशी हळूच म्हणाल्या. "या वेळी म्हातारा खरंच गेलाय."

"जरा थांब गं," डॉर्कस मावशी म्हणाल्या. "तुला नेहमीच घाई."

"मला घाई? तुझ्यामुळे दर पाच पावलांना थांबतेय मी!"

"हळू बोल. ते आतून ऐकतील."

"ऐकू देत," हेस्टर मावशी म्हणाल्या, आणि आम्ही आणखी थोडा वेळ थांबलो.