गुडगुडीतल्या कोळशाचं गाऱ्हाणं

मी कोळसा बोलतोय. नाक मुरडू नका! चुलीतला, हात काळे करणारा कोळसा वेगळा आणि मी वेगळा. मी भट्टीत वाफ पिऊन आलोय. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, तेव्हा गोडगोड बोलणं जमायचं नाही. पण आज गप्प बसवत नाही. आज सहाणेवर, देवाची पालखी बसते त्या चौथऱ्यावर, काय झालं ते तुम्हाला ऐकावंच लागेल.

आधी जन्म सांगतो. मी नारळाची करवंटी. खोबरं माणसांनी खाल्लं आणि मला परसात भिरकावलं. माणसाची रीतच ती. मग कुणीतरी पोत्यात भरलं आणि हातखंब्याच्या नाक्यावर ट्रकात चढवलं. पुढं कारखाना. तिथं वारा लागू न देता मला जाळलं, वर तापलेली वाफ अंगातून काढली. मेलो म्हटलं! पण बाहेर आलो तो अंगभर भोकं घेऊन. डोळ्यांना न दिसणारी, बारीक, एकात एक. मूठभर मी घ्या, माझ्या आतली जागा उलगडून पसरा, धोंडूचं सगळं खळं भरून वर उरेल! शेजारून जाणारी घाण, वास, रंग धरून ठेवायचा, हा माझा धंदा.

धोंडू कोण? सांगतो, दम धरा.

रितेशनं मला मुंबईहून आणलं. तो तिथं घरोघरी पाण्याचे फिल्टर बसवतो. शिमग्याला गावी आला तो पिशवीत मला घेऊनच. कशासाठी? बापाच्या गुडगुडीसाठी! धोंडू हा त्याचा बाप. वाडीत आता गुडगुडी ओढणारा तो एकटाच. करवंटीत पाणी, वर चिलीम, बाजूला ओढायची नळी, अशी बापजाद्यांची गुडगुडी. आणि ह्याच घराण्याकडं शिमग्याच्या गाऱ्हाण्याचा मान. पालखी सहाणेवर बसली की धोंडूनं देवाला साकडं घालायचं आणि अख्ख्या गावानं "व्हय म्हाराजा!" म्हणून गर्जायचं.

पण यंदा त्याचा घसा बसला होता. तोंड उघडलं की खोकला. चुलतभाऊ आत्माराम तर टपलेलाच. खळ्यात येऊन म्हणायचा, "धोंडूदा, आवाज नाय तर सांग बाबा. मान माज्याकडं दे. देव काय तुजा खोकला ऐकायला येतोय?"

"तू आधी तुज्या म्हशीला हाक मारून दाखव. ती तरी येतेय काय बघूया!" धोंडू खेकसायचा आणि पुन्हा खोकायचा.

तुळसा, त्याची बायको, म्हणायची, "गुडगुडी सोडा, आवाज येल." तेवढं सोडून काय वाट्टेल ते करायला तो तयार होता. म्हणून तर माझी वर्णी लागली.

रितेशनं पहिल्यांदा काय केलं? मला पाण्यातच टाकलं! पाण्याचा धंदा, त्याला पाणीच सुचणार. तेही धुतल्याशिवाय. धोंडूनं दणकून ओढलं, तर माझ्या भुकटीसकट पाणीच तोंडात आलं. दात काळे, ओठ काळे, मिशीसुद्धा काळी! तुळसा हसून हसून उंबऱ्यात बसली. "होळी पेटायच्या आधीच तोंड काळं केलंन गो बाय!"

धोंडू थुंकत म्हणाला, "ह्याच्यापेक्षा तव्याची काजळी चाटली असती!"

मग रितेशला अक्कल आली. ओढायच्या नळीत मला कोरडा भरला आणि दोन्ही टोकांना कापूस लावला. आता बरोबर जागी बसलो! गुडगुडीला म्हटलं, मी पण करवंटीच गो. ती तीन पिढ्यांच्या हातांनी चकाकलेली, तिला माज. म्हणाली, "तुझी करवंटी राहिलीय कुठं? जळून बसलास."

आणि आला धूर! काय सांगू! पाण्यातून गुडगुडत वर आला तो थेट माझ्या अंगावर. धर म्हटलं, एकेका भोकात कोंब! चिकटा धरला, वास धरला, झणका धरला. पलीकडं धोंडूनं डोळे मिटले. खोकला नाही! "रितेश, लोण्यासारखा लागतोय रे!" आत्माराम कुंपणापलीकडून पळत आला. "बघू, मला पण दे एक झुरका." वैरी बाजूला बसून ओढायला लागला, एवढी माझी करामत! मी तर फुलून गेलो. वाटलं, धोंडूचा आवाज मीच परत आणणार.

कसलं काय. पूर्वी जेवणानंतर ओढणारा धोंडू आता चहाआधी, चहानंतर, गुरं सोडताना, गुरं बांधताना ओढायला लागला. तुळसा बोलली की तयार उत्तर, "अगो, फिल्टरचा धूर हाय!" अरे, माझं पोट भरलं होतं! मलाही पोट आहे, आणि पोटाला माप आहे. आणि निखाऱ्यातून जो विषारी वायू निघतो, ज्याला रंग नाही की वास नाही, तो तर मला कधी धरताच आला नाही. मऊ लागला म्हणजे धूर गेला असं नव्हे, शहाण्यांनो! मी ओरडत होतो, पण नळीतल्या कोळशाचं ऐकतो कोण? धोंडूचा घसा आणखी बसला. शेवटी शेवटी तर कुजबुजच निघायची.

एका सकाळी तुळसानं नळी उपसली आणि मला पांढऱ्या ताटलीत ओतलं. चिलमीकडचा कापूस काळाकुट्ट. धोंडू खूश. "बघ! सगळी घाण धरलीन!"

"धरलीन, मान्य." तिनं तोंडाकडचा कापूस त्याच्या नाकासमोर धरला. पिवळाजर्द, चिकट. "मग ही कुणाची? ही तुमच्या नरड्यात जात होती ना?"

धोंडूनं तो कापूस बोटांनी चोळून बघितला. गुडगुडी त्यानं स्वतः उचलून खुंटीला टांगली. मला तुळसानं माडाच्या आळ्यात फेकलं. मग काय, धोंडू नुसता चिडचिड करायचा. रितेशवर, कोंबड्यांवर, अडुळशाच्या काढ्यावर. पण हात खुंटीकडं गेला नाही.

आणि आज पालखी आली! सहाण आमच्या माडापासून हाकेवर. ढोल थांबले. धोंडू उभा राहिला. "बा देवा म्हाराजा..." आवाज घोगरा, पण निघाला! "व्हय म्हाराजा!" गाव गर्जलं. पुढं जाता जाता मध्येच चिरकला. श्वास पुरेना. आत्मारामनं एक पाऊल पुढं टाकलं. माझा जीव टांगणीला!

तेवढ्यात बायकांतून तुळसा कडाडली, "व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाणं अर्धंच होतं, होकार द्यायची वेळच नव्हती. पण गाव तिच्यामागून गर्जलं, आणि तेवढ्यात धोंडूनं श्वास भरून घेतला. मग जो सुटला, तो मुंबईच्या पोरांपासून गोठ्यातल्या वासरापर्यंत सगळ्यांचं भलं मागून मोकळा झाला. शेवटच्या "व्हय म्हाराजा"त आत्मारामचाच आवाज सगळ्यात मोठा. मेला, कबूल करणार नाही कधी.

आता पालखी सहाणेवरून घरोघरी निघालीय. माडाची मुळं मला चाचपतायत. नारळातून आलो, नारळाच्या पायाशी पडलोय. पण गुडगुडी अजून खुंटीलाच आहे. आणि शिमगा संपला की हात शिवशिवतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून माझंही एक गाऱ्हाणं.

बा देवा म्हाराजा, ह्या धोंडूचा हात खुंटीकडं गेला, तर त्याला तो पिवळा कापूस आठवू दे. आणि माझ्या भरवशावर कुणी धूर पीत बसला असंल, तर त्याला सांग, ह्या कोळशाचं पोट भरतं, मग सगळा धूर तुझ्याच नरड्यात जातो!

गप्प काय बसलात? म्हणा की, व्हय म्हाराजा!