अखंड सरांची जागती फाइल

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यासमोर आम्ही सगळे चहाचे कप घेऊन उभे होतो. हात जोडायचे तेवढे बाकी होते. पडद्यावर आमच्या ऑनलाइन फायलींची यादी असते. जिच्यात शेवटचा बदल सर्वांत ताजा, ती वर. आणि वर कायम अखंड सरांची. मध्यरात्री बघा, सुट्टीच्या दिवशी बघा, शेजारी लिहिलेलं असायचं : ‘आत्ताच बदल’.

आम्ही घरगुती यंत्रांची माहितीपुस्तकं लिहितो. सरांकडे गॅस गिझरचं पुस्तक होतं.

“शरीर झोपतं, लक्ष झोपत नाही,” सर अर्धवट डोळे मिटून सांगायचे. “मी फाइलपाशी नसतो. फाइल माझ्यापाशी असते.”

“वा,” आमचे हिशेबनीस म्हणायचे आणि जाताजाता सरांच्या कीबोर्डला हळूच बोट लावायचे.

मोठ्या मॅडम तर भारावूनच गेल्या होत्या. त्यांनी सांगून टाकलं, महिनाअखेरीस जो यादीत तळाला असेल, त्याने दुसरी नोकरी बघावी.

तळाला मी होते. माझी लेक नुकती रांगायला लागली होती.

“त्या माणसाला विचार तरी, कसं जमवतो ते,” सासूबाई म्हणाल्या.

“साधना करतात म्हणे.”

“बरं. आणि त्यांच्या घरची पोरं कोण सांभाळतं?”

दुपारनंतर मी घरून काम करायचे, म्हणजे कॉम्प्युटरला बांधलेलीच असायचे. लेकीला पाजताना एक हात कीबोर्डवर. ती माझ्या तोंडाकडे बघायची, मी यादीकडे. तिने बोट धरलं की मी ते सोडवून घ्यायचे. तिला न्हाऊ घालताना मनात एकच, फाइल खाली घसरत असणार.

अशाच एका दुपारी ती मांडीवर होती. तिने हात आपटला आणि तिची इवलीशी मूठ कीबोर्डच्या लांबड्या बटणावर पडली. माझ्या पानाच्या शेवटी एक मोकळी जागा उमटली, आणि तळातली माझी फाइल थेट सर्वांत वर गेली. सरांच्याही वर. शेजारी ‘आत्ताच बदल’.

मी लेकीकडे बघत राहिले. सरांची सगळी साधना तिने एका बुक्कीत उरकली होती.

मग मी सरांच्या फाइलमधल्या बदलांचा इतिहास उघडला. तो आमच्यापैकी कुणालाही बघता येतो. बघितला कुणीच नव्हता. एक मोकळी जागा आली, एक गेली. आली, गेली. घड्याळाच्या ठोक्यासारखी, सारख्या अंतराने. एकही शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं, म्हणून बैठकीला लेक माझ्या कडेवर होती.

“मॅडम, पडद्याकडे बघा,” मी म्हटलं.

माझे दोन्ही हात लेकीभोवती होते. तरी माझी फाइल वर चढली. थोड्या वेळाने सरांची तिच्यावर गेली, मग माझी पुन्हा चढली.

“तुम्हीपण साधना धरलीत?” हिशेबनीसांनी आदराने विचारलं.

“नाही हो. कॉम्प्युटरला चार ओळींची स्क्रिप्ट लिहून दिलीय. ठरावीक वेळाने एक मोकळी जागा टाक, मग पूस. त्याने शब्द बदलत नाहीत, नुसती वेळ बदलते.”

सर हसले. “तुमचं यांत्रिक आहे, ताई. माझं आंतरिक.”

“मग आतून किती वाढलंय ते बघू या. उघडा फाइल.”

मॅडमनी ती पहिल्यांदाच उघडली. ‘गॅसचा वास आल्यास काय करावे’ असं ठळक शीर्षक होतं. त्याखाली पांढरं पान.

“ते मनात तयार आहे,” सर पुटपुटले.

“आणि ज्याच्या घरात वास येईल, त्याने तुमच्या मनात डोकवायचं?” मॅडम म्हणाल्या. त्यांनी फाइल मिटली. मग म्हणाल्या, “बंद करा हा पडदा.”

हिशेबनीस गोंधळले. “मग कोण काम करतंय ते कळणार कसं?”

“वाचून,” मी म्हटलं.

“तुझी फाइल आज वाचते,” मॅडम मला म्हणाल्या. “कालपर्यंत तळाला होती, तिथूनच सुरुवात करते.”

न झोपणारा माणूस कुणी तुम्हाला दाखवला, तर भारावण्याआधी एवढंच विचारा : बदललं काय? वेळेचा शिक्का यंत्रही मारतं, आणि तो खरा मानून आपण आपल्याच माणसांचा वेळ त्याच्यापुढे ठेवून येतो.

बैठक संपेस्तोवर लेकीने माझं बोट घट्ट धरलं होतं. या वेळी मी ते सोडवून घेतलं नाही.